सुया कापायचं मशीन हाय की!

...न्हाई न्हाई, थांबा, तुमी आधी माजं पुरतं ऐकून घ्या, मंग काय बोलायचं ते बोला! मशीन न्हाई असं कुनी म्हनायचं न्हाई. आमच्या दवाखान्यात सुया कापायचं मशीन हाय! नवंकोरं हाय, निळं हाय, वरच्या भोकात इंजेक्शनची सुई घालायची, दांडी दाबायची, कचाक्... सुईचा तुकडा आतल्या डब्यात! कुनाला टोचायचं न्हाई, ह्याचं रगत त्याला लागायचं न्हाई, ह्याचा रोग त्याला जायचा न्हाई. सरकारनं डोकं लावून दिलंय हो! आता ते मशीन कुठं हाय म्हनाल, तर काचंच्या कपाटात हाय. कपाटाला कुलूप हाय. कुलपाची किल्ली वाल्मिक भाऊसाहेबांच्या करगोट्याला हाय. आन् मशीनच्या गळ्यात झेंडूचा हार हाय. पर मशीन हाय की!

कोनता दवाखाना ते मी सांगनार न्हाई. श्रीगोंद्याच्या अंगाला हाय, येवढं समजा. मी तितं अँब्युलन्सवर ड्रायव्हर. सूर्यभान माजं नाव, ते सांगतो, पर गावाचं नाव तोंडातनं निसटलं तर उद्या माजी बदली भंडारदऱ्याला. लोक तितं हौसेनं फिरायला जात्यात, धबधब्याखाली उभं राहून फोटू काढत्यात, म्हनतील, बरं झालं की सूर्यभान, मज्जा हाय तुजी! आवो, त्या धुक्यात घाटातनं बाळंतीन घिऊन एकदा उतरून दावा, मंग फोटू काढा माजा.

तर हार. हार कशाचा, तर खंडेनवमीचा. गेल्या साली नवरात्रातच ते मशीन आलं, आन् खंडेनवमीला काय असतं? ज्याच्यावर आपलं पोट, त्याची पूजा. शेतकरी आऊतं पुजतो, मी माजी गाडी पुजतो, बोनेटवर स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, तिथवर ठीक हाय. पर वाल्मिक भाऊसाहेब म्हंजे आमचे स्टोअरवाले. औषध, कापूस, हातमोजे, समदं त्यांच्या ताब्यात. ते म्हनले, "सूर्यभान, कात्र्या मांडा, बीपीचं यंत्र मांडा, आणि हे नवीन मशीन मधोमध! चेहरा दाराकडे करा!" आता मशीनला चेहरा कुठला? पर केला दाराकडं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला, नारळाचं पानी शिंपडलं, शिंपडलं कसलं, वतलं! आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हंजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी, डोळे मिटून आरती म्हनली. दुसऱ्या दिवशी कात्र्या कामाला गेल्या, बीपीचं यंत्र कामाला गेलं, माजी गाडी तर आरतीतनंच गेल्ती. आन् मशीन?

"हे राहू दे कपाटात," भाऊसाहेब म्हनले. "वापरलं की जुनं दिसतं. उद्या तपासणी आली तर काय दाखवणार?"

संपलं! वापरायची वस्तू वापरली तर दाखवायला उरत न्हाई, म्हनून वापरायची न्हाई. ह्याच्यावर तुमी काय बोलनार?

आन् कपाट कुठं, तर इंजेक्शनच्या खोलीत, बरोबर दारासमोर. आता पेशंट आत येतो, आधीच सुईला भ्यालेला, समोर बगतो तर काचंत काय तरी निळं बसलंय, गळ्यात हार, कपाळावर कुंकू... आपसूक हात जोडतो हो! चांगली शिकलेली मानसं जोडत्यात. एका म्हातारीनं तर उदबत्ती काढली आन् मला म्हनली, "बाबा, काडेपेटी हाय का रं?" तितं शेजारी ऑक्सिजनची टाकी! मी म्हनलं, न्हाई! उदबत्ती न लावता ती बिचारी इंजेक्शन घिऊन गेली, जाताना परत हात जोडून गेली. देव काय, मशीन काय, हाय म्हनल्यावर हाय.

आता त्या खोलीत दिवसभर उभी कोन ऱ्हाती? प्रणिता सिस्टर. पोरगी चांगली, हाताला हलकी, लहान लेकरांना सुई कळायच्या आत टोचून मोकळी व्हनारी. कंत्राटी हाय. कंत्राटी म्हंजे काम कायमचं, मानूस तात्पुरता. घरी आठ-नऊ महिन्यांची पोर, संस्कृती तिचं नाव. सासू दुपारी पोरीला घिऊन दवाखान्यात येती, सिस्टर पटकन मागच्या खोलीत जाऊन अंगावर पाजती, पदर सावरून परत सुईला उभी. आसं चाललेलं.

त्या खोलीत भिंतीवर एक पोस्टर हाय. हे येवढं मोठं! 'वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये.' खाली चित्र, चित्रातल्या बोटातनं रगताचा थेंब, त्यो येवढा टपोरा की पेशंटच घाबरून परत जायचे. बरोबरच हाय, टोपन लावायला गेलं की सुई बोटात घुसती. सिस्टरला काय म्हाईत न्हाई? समदं म्हाईत! पर टोपन न लावता सुई टाकायची कुठं? मशीन कुलपात. उरली कचऱ्याची पिशवी, ती पातळ. ती पिशवी उचलती कोन, तर छबूमावशी, आमची झाडूवाली. एकदा पिशवी उचलली, पायाला लागली, आन् सुई सरळ मावशीच्या पोटरीत! मावशी लंगडत लंगडत कामावर, म्हनती, "आगं बाई, काय न्हाई हुत, मुंगी चावल्यावानी झालं." सिस्टरनं ते बगितलं आन् त्या दिवसापास्नं परतेक सुईला टोपन. "मावशी, मी टोपण लावूनच टाकत जाईन, तुम्ही घाबरू नका." म्हंजे बगा, मावशीची पोटरी वाचावी म्हनून हिनं आपलं बोट पुढं केलं. पोस्टर डोक्यावर, मशीन समोर, आन् दोन्हीच्या मदी प्रणिता सिस्टर टोपन लावत उभी. पर मशीन हाय की!

तर शनवार. शनवार म्हंजे काष्टीचा बाजार. सकाळपास्नं आमच्याकडं ही गर्दी, कारन बाजाराला जायच्या आदी जो तो म्हनतो, एक इंजेक्शन मारून घिऊ, मंग दिवसभर हिंडायला बरं! त्यात एक गहिनीनाथ आबा. म्हातारा ताठ, डोक्याला फेटा, अंगात कणकण, आन् संगट विकायला काढलेला बोकड. काळा बोकड, एक कान पांढरा. बोकड बांधला कुठं? माज्या अँब्युलन्सच्या बंपरला! मी म्हनलं, "आबा, ही गाडी हाय, दावन न्हाई." तर आबा म्हनतो, "आरं, तुजी गाडी कवा हालती? सकाळपास्नं उभीच हाय." ऐका! आन् त्या बोकडानं माज्या पुढच्या काचंवरचा ताजा हार खाल्ला. पूर्न. दोऱ्यासकट.

आबा आत गेला, कपाटाला हात जोडले, इंजेक्शन घेतलं, "बरं वाटलं बग पोरी" म्हनला, आन् बंपरचा बोकड सोडून, त्याला घिऊन बाजाराच्या टेम्पोत बसून गेला. आन् आतून सिस्टरचा आवाज आला. वरडली न्हाई ती. नुसतं "आई गं" म्हनली. टोपन लावताना मागनं कुनीतरी धक्का दिला, रांग कुठली, झुंबडच ती, आन् आबाची सुई सिस्टरच्या अंगठ्यात.

मंग काय, जमलं समदं गाव! सिस्टर बिचारी नळाखाली साबनानं अंगठा धुतीय, रगत वाहातंय, आन् जो तो सल्ला द्यायला. रांगेतली एक बाई म्हनती, "हळद दाबा!" दुसरी म्हनती, "चुना लावा!" छबूमावशी तर रडायलाच लागली, "आगं, माज्यापाय झालं गं, माज्यापाय झालं!" आन् आमचे भाऊसाहेब आले. आले, चष्मा वर केला, आधी पोस्टरकडं बगितलं, मंग सिस्टरकडं.

"सिस्टर, एवढं मोठं पोस्टर लावलंय. वाचलं नाही का? लक्ष कुठं होतं? आणि टोपण लावायचंच कशाला? मशीन आहे ना आपल्याकडे!"

मशीन हाय की! माज्या पायातली चप्पल हातात यायला लागली हुती, खरं सांगतो. पर मी डायवर मानूस, पाय ब्रेकवर ठेवायची सवय.

तेवढ्यात आमच्या डॉक्टरीन मॅडम आल्या. वयानं ल्हान, नवीनच लागलेल्या, पर बाई एकदम रोखठोक. त्यांनी समद्यांना भाईर काढलं, आन् सिस्टरला बसवलं. मी दारातच हुतो, मला कुनी काढलं न्हाई, डायवरला कुनी मानसात धरत न्हाई त्याचा ह्यो फायदा. मॅडम म्हनल्या, "संसर्ग टाळायची गोळी लगेच सुरू कर." ती गोळी मात्र नशिबानं कपाटात नव्हती, मॅडमच्या ड्रॉवरमदी हुती! "आणि काविळीची लस झालीय ना तुझी?"

सिस्टर म्हनली, "नाही मॅडम. कायम लोकांची झाली. आम्हाला पुढच्या खेपेला देऊ म्हणाले होते."

मॅडमनी ओठ असे घट्ट दाबले, फ्रिज उघडला, लस काढली आन् तितंच टोचली. लस आमच्याच दवाखान्यात, आमच्याच फ्रिजमदी! सिस्टर वरीसभर तीच लस गावच्या लेकरांना टोचीत हुती, आन् स्वताला...? जाऊ द्या. पुढच्या खेपेला.

मंग मॅडम हळू आवाजात म्हनल्या, "हे बघ, ज्यांची सुई होती त्यांचं रक्त तपासायला हवं. एचआयव्ही, कावीळ. त्यांना काही असेल असं नाही, बहुतेक काही नसतंच. पण ते कळेपर्यंत... संस्कृतीला अंगावर पाजू नकोस."

तितं मात्र सिस्टरचा चेहरा उतरला. सुई लागली तवा हलली न्हाई, भाऊसाहेब बोलले तवा हलली न्हाई, पर ह्या वाक्याला ती पार पांढरी पडली. म्हनली, "बहुतेक म्हणजे किती, मॅडम?" बहुतेकवर आपन जुगार खेळू, लेकराला कसं पाजनार?

आन् नेमकं तवाच, काय टायमिंग असतं बगा, सासूबाई पोरीला घिऊन हजर! पोर भुकेजलेली. आईला बगितलं आन् दोनी हात पुढं. आई घेत न्हाई. सासूबाईंनी वाटीत पेज आनली हुती, तोंडात घातली, पोरीनं थू! दूध दावलं, थू! आन् मंग जो सूर लावला... आवो, माज्या गाडीचा सायरन बरा! समदा दवाखाना त्या आवाजानं भरला, आन् सिस्टर भिंतीला पाठ लावून उभी, हात मागं बांधलेले, जसं काय हात मोकळे सोडले तर तेच पोरीला उचलतील. मला बगवंना. दोन लेकरांचा बाप हाय मी, मला खरंच बगवंना.

मॅडम म्हनल्या, "सूर्यभान, ते आबा कुठे गेले?"

म्हनलं, "काष्टीला. बोकड विकायला."

"मोबाईल नंबर?"

"बोकडाचा कान पांढरा हाय, येवढंच म्हाईत हाय."

"गाडी काढा!"

तर भाऊसाहेब आडवे! "मॅडम, अँब्युलन्स पेशंटसाठी असते. स्टाफसाठी नाही."

मॅडम म्हनल्या, "भाऊसाहेब, ही आता पेशंटच आहे. तुमच्या कपाटामुळे." आन् मला म्हनल्या, "निघा. दुसरी गाडी आहे इथं."

निघालो! पुढं मी, मागं सिस्टर, सासूबाई आन् रडनारी पोर. पोरीला ठेवून येनार तरी कुठं? सायरन लावायची गरजच पडली न्हाई, लोक त्या रडन्यानंच बाजूला सरकत हुते. सासूबाई वाटंभर मला इचारत्यात, "डायवर, काय झालंय हिला? पाजत का न्हाई ही?" सिस्टर म्हनती, "आई, अंगठ्याला लागलंय." सासूबाई म्हनत्यात, "आगं, अंगठ्यानं पाजतीस का तू?"

काष्टीचा बाजार तुमी बगितला असंल. न बगितला असंल तर येवढंच सांगतो, तितं मुंगीला वाट काढायची तर मुंगीनं वळख काढावी लागती. बैल, म्हशी, शेरडं, टेम्पो, भेळवाले, आन् त्यात माजी अँब्युलन्स शिरली. झालं! एक म्हनतो, "बैलानं कुनाला भोसकलं वाटतं." दुसरा म्हनतो, "न्हाई, चक्कर आली एकाला." तिसऱ्यानं लगेच तोंडावर उपरनं घेतलं, "आरं, कोरोना परत आला जनू!" आन् तुमाला सांगतो, बाजारात वाट पडली! जी वाट सायरनला पडली न्हाई ती एका उपरन्यानं पडली. मानसं अशी फाकली, अशी फाकली, मी गाडी थेट शेरडांच्या मदोमद नेऊन उभी केली.

आता आबा शोधायचा कसा? मी खिडकीतनं वरडलो, "गहिनीनाथ आबाऽऽ!" तर चार फेटे वळले! त्यातला एक बी आपला न्हाई. आमच्याकडं गहिनीनाथ काय कमी हायेत का? मंग माईकवाल्याला गाठलं, म्हनलं, पुकार. त्यानं काय पुकारावं? "बोकडवाले गहिनीनाथ आबा, जितं असाल तितं थांबा, दवाखान्याची गाडी तुमाला धरून न्यायला आलेली हाय!" मी म्हनलं, आरं, धरून नगं, नुसतं न्यायला म्हन! पर गेलं ते माईकातनं. आन् तिकडं कडब्याच्या गंजीमागनं एक फेटा उठला आन् पळाला. मागं काळा बोकड. पांढरा कान!

पळालो की मी मागं! म्हातारा काय पळतो हो! अंगात ताप, तरी पळतो, आन् वरडतो, "मी येनार न्हाई! ह्या वयात नसबंदी करून घेनार न्हाई!" शेवटी धरलं कुनाला, तर बोकडाला. त्याला मीच वळखीचा. त्यानं सकाळी माजा हार खाल्ल्याला, आता हार शोधत माज्याकडं आला. बोकड थांबला तसा आबा थांबला.

पर तवर काय व्हायचं ते झालं. गिऱ्हाईक येक व्हतं, सौदा जुळत आल्ता, ते म्हनलं, "दवाखान्याची गाडी ज्याच्या मागं लागती त्याचा बोकड मी कशाला घिऊ?" आन् गेलं निघून. आबा माज्यावर असा भडकला, "तुजं वाटुळं हुईल रं! माजा सौदा मोडलास!"

तवा सिस्टर पुढं आली. चारचौघांत एक शब्द बोलली न्हाई ती. म्हनली, "आबा, जरा गाडीमागं या." मी पन गेलो, मला बोलावलं नव्हतं तरी. तितं तिनं सरळ सांगितलं. "आबा, तुम्हाला काही झालंय म्हणून आम्ही नाही आलो. तुम्हाला दिलेली सुई मला टोचली. तुमचं रक्त तपासलं तर मला कळेल मला काही भीती आहे का. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती नाही करणार. पण तोपर्यंत मला माझ्या मुलीला पाजता येत नाही."

आत गाडीत पोर रडतीय, रडून रडून आवाज बसलेला, नुसतं कन्हत हुती. आबानं फेटा काढला, तोंड पुसलं.

"माज्यापाय तान्ह्या लेकराला उपाशी ठेवलंय व्हय? आगं, मंग आदी तसं पुकारायचं की! धरून न्यायला काय म्हनता? चल, किती रगत पायजे तितकं घे. पर बोकड संगट येनार."

तर परत निघालो. पुढं मी. मागं सिस्टर, सासूबाई, पोर, आबा आन् बोकड! वाटंत आबानं सिस्टरला इचारलं, "पोरी, एक सांग. सुई टोचू नये म्हनून तुमच्याकडं काय सोय न्हाई का गं?"

सिस्टर म्हनली, "आहे ना आबा. मशीन आहे. कपाटात."

"कोन, त्यो हारवाला? मला वाटलं त्यो तुमचा देव हाय! मी नवस बोललो ना त्याला, बोकड चांगल्या भावानं जाऊ दे म्हनून!"

मी ब्रेक दाबला. हसावं का रडावं, गाडी चालवता येईना मला.

दवाखान्यात आलो. मॅडमनी आबाला समजावून सांगितलं, हो का न्हाई इचारलं, रगत घेतलं, आन् मंग ते वाट बगनं... लॅबच्या दाराशी सिस्टर उभी. बसली न्हाई. छबूमावशी कोपऱ्यात हात जोडून, आन् तुमाला खरं सांगतो, माजं लक्ष त्या कपाटाकडं गेलं आन् माजेबी हात जोडले गेले. मशीनपुढं! मानूस भ्याला की काय करील सांगता येत न्हाई.

मॅडम भाईर आल्या. म्हनल्या, "दोन्ही निगेटिव्ह. गोळ्या बंद. जा, पाज तिला."

सिस्टरनं सासूबाईंच्या हातातनं पोर घेतली आन् मागच्या खोलीत गेली. जरा येळानं समद्या दवाखान्याला कळलं, कारन आवाज बंद झाला. आबा बाकड्यावर बसला हुता, त्यानं डोळे पुसले आन् बोकडाला म्हनला, "चल, पुढल्या शनवारी बगू तुजं."

आता हितं गोष्ट संपायला पायजे हुती. चांगली संपली असती. पर आमचा दवाखाना हाय!

मॅडम भाऊसाहेबांपुढं जाऊन उभ्या ऱ्हायल्या आन् हात पुढं केला. "किल्ली." भाऊसाहेब म्हनले, "साहेबांची परवानगी..." मॅडम म्हनल्या, "किल्ली!" करगोट्याची किल्ली काढायला भाऊसाहेबांना शर्ट वर करावा लागला, तो सोहळाबी आमी बगितला. कपाट उघडलं. हार काढला. मशीन टेबलावर ठेवलं. मॅडमनी भोकात सुई घातली... जाईना. का जाईना? तर भोकात अक्षता! कुंकवाचा गोळा! आन् दांडी दाबावी तर हालंना, नारळाच्या पान्यानं आतनं गंजून घट्ट! इतके म्हैने आमी ज्याला सांभाळलं, ते आरतीच्या दिवशीच गेलं हुतं.

आन् मंग भाऊसाहेब काय म्हनले असतील?

"बघा! म्हणूनच मी सांगत होतो, वापरायला काढू नका."

मशीन परत कपाटात. हार परत गळ्यात. मशीन हाय की!

पुढं आबा आला. पुढल्याच शनवारी, बाजाराला जाताना. संगट बोकड न्हाई तर गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, जाड, झाकन झाळून बंद केलेलं, वर येवढीशी फट. म्हनला, "पोरी, ह्यात टाकत जा. टोपन लावायचं नाव काढू नगंस. पत्र्यातनं सुई कुठं भाईर येती?" आन् काय सांगू, सोय झाली हो! टोचली सुई, टाकली फटीत, खुळ्ळ! छबूमावशीची पोटरी शाबूत, सिस्टरचा अंगठा शाबूत. मोठ्या साहेबांनी दर म्हैन्याला 'नवीन मशीन मागवलंय' म्हनायचं, आन् आमी डब्यात टाकायचं. दिवस बरे गेले.

आन् मंग तपासनी आली. साहेबलोक वरून आले, चहा झाला, काचंच्या कपाटापुढं थांबले. "वा! मशीन अगदी नव्यासारखं ठेवलंय. याला म्हणतात निगा!" भाऊसाहेब लाजले. मंग नजर खाली गेली. "आणि हा डबा? तेलाचा? हे नियमात बसत नाही. काढा हे. पुन्हा दिसायला नको."

मॅडम भांडल्या, लई भांडल्या. न्हाई म्हंजे न्हाई. आता डबा काढायचा, तर ठेवायचा कुठं? आत वापरलेल्या सुया, उकिरड्यावर टाकता येत न्हाई. भाऊसाहेबांनी काढला मार्ग. कपाटात. मशीनच्या शेजारी. कुलूप.

आन् मोठ्या साहेबांनी सिस्टरसाठी काय केलं? केलं की! हुकूम काढला. इंजेक्शन घेतलेल्या पेशंटनं लगेच जायचं न्हाई, सिस्टर टोपन लावून होईस्तवर बाकड्यावर बसायचं. टोचलीच, तर पेशंट हाताशी असावा, गाडी काष्टीला न्यावी लागू नये. साहेब म्हनले, "डिझेल वाचेल."

आता ह्या साली परत खंडेनवमी झाली. मशीनला हार. डब्याला बी हार, शेजारी हाय म्हनल्यावर त्याला कसं वगळनार? आन् त्याच्या नंतरचा शनवार. आबा आला, संगट दुसरा बोकड. आत गेला, कपाटापुढं हात जोडले... आन् थांबला. वाकून बगितलं.

"पोरी... ह्यो तर माजा डबा."

"हो आबा."

"मंग आता सुई कुठं टाकतीस?"

सिस्टरनं इंजेक्शन दिलं आन् टोपन हातात घेतलं. आबा त्या टोपनाकडं बगत ऱ्हायला, मंग तिच्या अंगठ्याकडं. बाजाराचा टेम्पो भाईर हॉर्न मारतोय, बोकड वरडतोय. आबा बाकड्यावर टेकला, कासरा मनगटाला गुंडाळला आन् म्हनला, "घाई करू नगंस. नीट लाव. मी बसतो."

टेम्पो गेला. आबा बसलेला.

तवा आमच्या दवाखान्यात सोय न्हाई असं कुनी म्हनायचं न्हाई. मशीन हाय की! डबा हाय की! आन् तेबी न्हाई चाललं, तर बाकड्यावर आबा हाय की!